विज्ञानकथेचा युद्धखेळ: सुपारीची तिवई आणि सहा तोफा

एखादी विज्ञानकथा वाचून संपली आणि तिच्यातली लढाई टेबलावर मांडून पाहावी असे वाटू लागले, की माणूस बहुधा पहिल्याच दिवशी सैनिक रंगवायला बसतो. मीही तसेच केले होते. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडण्याची सवय असलेल्या घरात ते स्वाभाविकच होते, कारण तिथे आधी मावळे येतात, मग किल्ला होतो, आणि लढाईचे काय ते मुले आपापसांत बघून घेतात. युद्धखेळात मात्र हा क्रम उलटा चालवावा लागतो. आधी गोष्टीतला प्रसंग, मग त्या प्रसंगातले निर्णय, मग मापे आणि नियम, आणि सगळ्यात शेवटी रंगाचा ब्रश.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर हा पट नसलेला खेळ आहे. बुद्धिबळात घोडा अडीच घरे जातो. इथे घरेच नसतात. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर टेकड्या, नदी आणि वस्ती मांडायची, कोणती तुकडी किती सेंटिमीटर सरकली हे शिवणाच्या टेपने मोजायचे, आणि गोळा लागला की हुकला हे फाशांवर ठरवायचे. दोघे किंवा चौघे खेळाडू असले आणि तीन तास हाताशी असले की एक लढाई निवांत होते. इंदूरमध्ये आमचे हे उद्योग रविवारी सकाळचे पोहे झाल्यावर सुरू होतात आणि जेवणाची हाक येईपर्यंत चालतात, म्हणून आठ फेऱ्यांपेक्षा लांब खेळ मी आता रचत नाही.

या लेखात उदाहरण म्हणून एच. जी. वेल्स यांची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ ही कादंबरी घेतली आहे. मंगळवासी नळकांड्यांतून इंग्लंडमध्ये उतरतात आणि तीन पायांच्या उंच यंत्रांत बसून हल्ला करतात, अशी ती कथा आहे. ती १८९७ मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि १८९८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. निवडीचे एक कारण असे, की याच वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे छोट्या सैनिकांच्या खेळाचे नियमपुस्तकही लिहिले. त्या खेळात पायदळ एका खेळीत एक फूट आणि घोडदळ दोन फूट सरकते, आणि तोफेचा मारा फाशांनी न ठरवता स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेतून लाकडी गोळी खरोखरच उडवून ठरवतात. दुसरे कारण व्यवहाराचे आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे त्याच्या लेखनाचे हक्क टिकतात. वेल्स १९४६ मध्ये वारले, म्हणजे २००७ पासून त्यांच्या कथेवर खेळ रचून तो छापून वाटायलाही कोणाची परवानगी लागत नाही. जयंत नारळीकरांचे निधन २०२५ मध्ये झाले, त्यामुळे त्यांच्या कथांचे हक्क २०८५ च्या अखेरपर्यंत राहतील. घरातल्या टेबलावर चार जणांत खेळण्यापुरता हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, पण नियमपुस्तिका विकायचा विचार असेल तर आधी परवानगी मागावी.

प्रसंग कसा निवडावा

पूर्ण कादंबरीचा खेळ होत नाही. कादंबरीतला एखादाच प्रसंग होतो, आणि तोही प्रत्येक प्रसंग नव्हे. वाचताना रोमांचक वाटलेला भाग टेबलावर अगदी निर्जीव निघू शकतो, कारण वाचकाला घटना पुरेशा असतात, पण खेळाडूला करण्यासारखे काहीतरी लागते. वेल्स यांच्या कथेत हॉर्सेलच्या माळावर पहिले नळकांडे पडते आणि उष्णकिरणाने माणसे जळतात तो भाग वाचताना अंगावर काटा येतो. खेळ म्हणून तो निरुपयोगी आहे, कारण माणसांच्या बाजूला उभे राहून जळण्यापलीकडे काही करता येत नाही. समुद्रावर ‘थंडर चाइल्ड’ ही युद्धनौका मंगळवासीयांच्या यंत्रांवर चालून जाते तो प्रसंग मला सगळ्या कथेत सर्वांत प्रिय आहे, आणि तरीही टेबलावर तो वीस मिनिटांत आटोपतो. नौकेला एकच निर्णय घ्यायचा असतो: थेट जायचे की नाही. जेवणाआधीचा छोटा डाव म्हणून तो चालतो. त्यावर अख्खी दुपार उभी राहत नाही.

शेपर्टन गावाजवळचा प्रसंग मात्र खेळासाठीच लिहिल्यासारखा आहे. वे नदी टेम्सला मिळते त्या ठिकाणी, नावेतून पलीकडे जाण्यासाठी पळून आलेल्या लोकांची गर्दी झालेली आहे. लांबवर तीन पायांची चार यंत्रे दिसतात, मागोमाग पाचवे येते. सर्वांत जवळचे यंत्र नदीत पाय टाकून पलीकडच्या काठाकडे निघते, आणि त्या काठावर गावाच्या कडेला लपवलेल्या सहा तोफा, ज्यांची अलीकडच्या लोकांनाही कल्पना नव्हती, एकदम डागल्या जातात. एक गोळा यंत्राच्या टोपाच्या, म्हणजे चालक बसतो त्या वरच्या भागाच्या, तोंडावरच फुटतो. चालक मेलेले ते यंत्र सरळ रेषेत तसेच पुढे जाते, चर्चचा मनोरा पाडते आणि नदीत कोसळते. उरलेली चार यंत्रे धावून येतात, उष्णकिरणाने काठ पेटतो, नदीचे पाणी उकळू लागते. आणि मग ती चौघे आपल्या साथीदाराचे अवशेष उचलून माघारी जातात.

असा प्रसंग हाती आला की तो पेन्सिल घेऊन तीनदा वाचावा. पहिल्या वाचनात कोणाला काय माहीत होते आणि काय माहीत नव्हते एवढ्याच वाक्यांखाली रेघ ओढावी. दुसऱ्या वाचनात कोणी काय केले ते टिपावे, आणि जमल्यास काय करता आले असते तेही. तिसऱ्या वाचनात कोण कशाला घाबरत होते ते शोधावे. हे तिसरे वाचन लोक टाळतात, पण तोच माझ्या मते सर्वांत कामाचा भाग आहे. मंगळवासी कशालाच घाबरत नाहीत असे मी पहिल्यांदा धरून चालले होते. वास्तविक शेपर्टननंतर ते झाडीतल्या प्रत्येक संशयास्पद जागेवर दुरूनच विषारी काळा धूर सोडतात. ते लपलेल्या तोफांना घाबरतात, आणि पुढे सगळा खेळ त्याच भीतीवर उभा राहिला.

मापे

मापांचा हिशेब कागदावर न करता सैनिक विकत घेऊ नयेत. कादंबरीतल्या वर्तमानपत्राच्या बातमीत यंत्राची उंची जवळजवळ १०० फूट आणि वेग आगगाडीइतका सांगितला आहे. १०० फूट म्हणजे साधारण साडेतीस मीटर. खेळण्यांच्या दुकानातले हिरवे प्लॅस्टिकचे शिपाई साधारण पाच-साडेपाच सेंटिमीटरचे, म्हणजे ढोबळमानाने खऱ्या माणसाच्या बत्तिसाव्या भागाचे असतात. त्या प्रमाणात यंत्र ९५ सेंटिमीटर उंच करावे लागेल, आणि ते टेबलावर ठेवले तर जमिनीपासून माणसाएवढे उंच होईल. १:७२ या प्रमाणातल्या सैनिकांसाठी ते ४२ सेंटिमीटर होते. १:३०० या प्रमाणात माणूस सहा मिलिमीटरचा आणि यंत्र दहा सेंटिमीटरचे होते, आणि हेच आम्हांला सोयीचे पडले. या प्रमाणात टेबलावरचा एक फूट उंचीला ३०० फूट असतो, त्यामुळे मनातल्या मनात हिशेब करणेही सोपे जाते.

उंचीचे प्रमाण आणि अंतराचे प्रमाण मात्र एकच ठेवता येत नाही. तसे ठेवले तर चार फूट रुंदीचे टेबल जेमतेम ३६० मीटरचे रणांगण होईल, आणि एवढ्या अंतरात तोफ लपवण्याला काही अर्थच उरत नाही. म्हणून जमिनीवर एक सेंटिमीटर म्हणजे २० मीटर असे वेगळे प्रमाण धरावे. मग तेच टेबल सुमारे अडीच किलोमीटरचे होते. घरे आणि झाडे दिसायला मोठी वाटतील, पण किल्ल्यावरचा मावळा बुरुजाएवढा असला तरी आपण लहानपणी कधी तक्रार केली नव्हती.

वेगाच्या बाबतीत गोष्टीतला आकडा जसाच्या तसा घेणे म्हणजे खेळ बुडवणे. ताशी साठ मैलांचे यंत्र मिनिटाला सोळाशे मीटर, म्हणजे आपल्या टेबलावर ८० सेंटिमीटर जाईल. चालणारी माणसे तेवढ्या वेळात चार सेंटिमीटर जातील. वीसपट वेग असलेल्या शत्रूसमोर कोणताच निर्णय उरत नाही. आम्ही पायदळ आणि गर्दीला एका फेरीत ८ सेंटिमीटर आणि यंत्राला ३२ सेंटिमीटर दिले. चौपट वेगही भीती वाटण्यापुरता भरपूर होतो, आणि माणसांच्या बाजूने खेळणाऱ्याला ‘पुढच्या फेरीत हे इथे पोहोचेल’ असा अंदाज करता येतो.

वाक्यातून नियम

नियम मनाने रचण्याआधी ते कथेत आधीच आहेत का हे पाहावे. उष्णकिरणाचेच घ्या. हॉर्सेलच्या माळावर काही माणसे वाचली, कारण वाळूच्या एका उंचवट्याने किरणाचा खालचा भाग अडवला. या एका वाक्यातून आडोशाचा संपूर्ण नियम निघतो: यंत्रापासून ४० सेंटिमीटर लांबीची दोरी ताणावी, ती उघड्यावरच्या ज्या तुकडीवरून जाईल ती फासा न टाकता उचलावी, आणि बांध, उंचवटा किंवा नदीचा काठ मध्ये असेल तर त्या तुकडीने फासा टाकून ४, ५ किंवा ६ आल्यास वाचावे. किरण हुकला की नाही यासाठी मी फासा ठेवलेला नाही. कथेत तो हुकत नाही, आणि ज्या शस्त्राची दहशत आहे त्याला फाशाच्या दयेवर सोडले की दहशत जाते.

काळा धूर हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीवरून पाण्यासारखा सखल भागाकडे वाहतो, आणि मंगळवासी नंतर वाफेच्या झोताने तो साफ करतात. त्यासाठी पोस्टर कलरने काळा केलेला कापूस घ्यावा. प्रत्येक फेरीच्या शेवटी कापसाचा पुंजका शेजारच्या सर्वांत खालच्या पातळीकडे १० सेंटिमीटर सरकवावा. तो ज्या तुकडीवर येईल ती संपली. टेकड्या थरांच्या असल्या तरच हा नियम चालतो, म्हणून थर्मोकोलचे सपाट तुकडे एकावर एक चिकटवून पायऱ्यांची टेकडी करावी. गोल गुळगुळीत टेकडी दिसायला छान असली तरी खाली कुठे हे त्यावर कळत नाही. शेपर्टनच्या डावात हा धूर वापरू नये, कारण कथेत तो त्यानंतर येतो. दुसऱ्या लढाईत तो प्रथम बाहेर काढला की समोरच्या खेळाडूचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

तोफांच्या नियमात माझी चूक झाली, आणि ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. मी असे ठरवले होते की प्रत्येक तोफेने एक फासा टाकावा, ५ किंवा ६ आल्यास गोळा लागला, आणि गोळा लागला की यंत्र पडले. एका तोफेला तीनात एक संधी म्हणजे फार नाही असे वाटले. पण तोफा सहा होत्या. सहाही हुकण्याची शक्यता दोन-तृतीयांशाला सहा वेळा गुणून येते, म्हणजे नऊ टक्क्यांहूनही कमी. अर्थात ९१ टक्के वेळा पहिल्याच माऱ्यात यंत्र कोसळणार. आणि तसेच झाले. सुपारीच्या टोपाचे, दोन संध्याकाळी खर्चून केलेले यंत्र टेबलावर आल्यावर पाच मिनिटांत आडवे झाले, आणि दुसऱ्या फेरीत दुसरेही गेले. चहा येण्याआधी पृथ्वी वाचली होती.

दुरुस्ती पुन्हा कथेतूनच मिळाली. तिथे एक गोळा टोपापासून काही यार्डांवर हवेत फुटतो, एक टोपाच्या तोंडावर लागतो, आणि पुढे सेंट जॉर्ज हिलजवळच्या चकमकीत एका यंत्राचा नुसता पायच मोडतो. त्यातला मंगळवासी बाहेर सरपटत येऊन तो दुरुस्त करतो. म्हणजे गोळा लागणे आणि यंत्र मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता लपलेल्या जागेवरून केलेला पहिला मारा ५ किंवा ६ वर लागतो आणि नंतरचे मारे फक्त ६ वर. लागलेल्या प्रत्येक गोळ्यासाठी दुसरा फासा टाकायचा: १ ते ३ आल्यास गोळा घसरून गेला; ४ किंवा ५ आल्यास पाय मोडला, आणि यंत्र दोन फेऱ्या जागेवर थांबून राहील, किरण मात्र वापरू शकेल; ६ आल्यास टोप फुटला. या हिशेबाने सहा तोफांच्या पहिल्या लपलेल्या माऱ्यात टोप फुटण्याची शक्यता २९ टक्के आणि नंतरच्या प्रत्येक माऱ्यात साडेपंधरा टक्क्यांच्या आसपास येते. लपून राहण्याची किंमत जवळपास दुप्पट झाली, आणि आता कधी डागायचे हा खरा प्रश्न झाला. कोणताही नियम टेबलावर नेण्यापूर्वी एवढे गणित वहीच्या कोपऱ्यात करून पाहावे. ते आठवीच्या पुस्तकापलीकडचे नाही.

टोप फुटलेल्या यंत्रासाठी एक फासा टाकून येईल त्या आकड्याच्या दहापट सेंटिमीटर ते सरळ पुढे न्यावे. वाटेत जे येईल ते मोडेल, मग ते घर असो की दुसरे यंत्र. ते नदीत पडले तर १५ सेंटिमीटरच्या आतले पाण्यातले सगळे मेले समजावे. हा नियम लोकांना सर्वांत जास्त आवडतो आणि तो आठवणीत राहतो, कारण आपले यश आपल्याच नावेवर जाऊन पडण्याची धास्ती त्यात आहे.

तोफा लपवण्यासाठी पुठ्ठ्याचे दहा सारखे चौकोन कापावेत, सहांच्या खाली तोफ लिहावी आणि चार कोरे ठेवावेत. माणसांच्या खेळाडूने ते उलटे मांडावेत. कोणाची खेळी केव्हा येईल हे पत्त्यांवर सोडावे: प्रत्येक यंत्राला एक लाल पत्ता, तीन-तीन तोफांच्या दोन तुकड्यांना आणि गर्दीच्या चार गटांना एकेक काळा पत्ता, सगळे पिसून एकेक उघडायचे. यंत्र आधी की तोफ आधी हे कोणालाच माहीत नसते, आणि आलटून-पालटून खेळण्याची बुद्धिबळी शिस्त इथे जाणूनबुजून मोडलेली बरी.

जिंकणे म्हणजे काय

नियम दुरुस्त झाल्यावर दुसरीच अडचण उभी राहिली. आता यंत्रे वेळेआधी मरत नव्हती, पण तोफा मात्र चौथ्या फेरीपर्यंत हमखास संपत होत्या. तिसऱ्या डावात माणसांच्या बाजूने भाची खेळत होती. शेवटची तोफ उचलून डब्यात ठेवताना ती म्हणाली, “आत्या, तोफा मरणारच आहेत हे तुला आधीपासून माहीत होतं ना? मग माणसांकडून खेळणाऱ्यानं करायचं काय?”

मला उत्तर देता आले नाही. दोन्ही बाजूंचे बळ सारखे करावे, तोफा बारा कराव्यात, यंत्रे दोन करावीत, असे पहिले विचार आले. तसे केले असते तर खेळ समतोल झाला असता आणि कथा उरली नसती. या कथेत माणसे दुबळी आहेत हेच तर तिचे सार आहे. त्या आठवड्यात प्रकरण पुन्हा वाचले, आणि नावेसाठी थांबलेली ती गर्दी, जिला मी तीनही वाचनांत देखाव्याचा भाग समजून ओलांडले होते, ती दिसली. तोफा यंत्रांना हरवण्यासाठी तिथे नाहीतच, निदान खेळात तरी नसाव्यात. त्या वेळ विकत घेण्यासाठी आहेत.

तेव्हापासून टेबलावर गर्दीचे बारा ठोकळे असतात आणि नदीत दोन नावा. एका नावेतून एका फेरीत एक ठोकळा पलीकडे जातो. आठ फेऱ्यांत जास्तीत जास्त सोळा जागा, पण नावा जळतात, आणि पोहत जाणाऱ्या ठोकळ्याला दोन फेऱ्या लागतात. सात ठोकळे पार झाले तर माणसे जिंकली, मग सगळ्या तोफा गेल्या तरी हरकत नाही. मंगळवासीयांच्या बाजूने दुसरा हिशेब ठेवला आहे: मंगळावरून एकूण दहाच नळकांडी सुटली होती, नवी यंत्रे मागवता येत नाहीत, म्हणून प्रत्येक पडलेल्या यंत्रामागे माणसांना तीन ठोकळे पार झाल्याचे गुण मिळतात. एवढ्याने यंत्रांचा खेळाडू प्रत्येक झुडपापाशी थबकू लागला. कोऱ्या पुठ्ठ्याला घाबरून त्याने दोन फेऱ्या वळसा घातला, त्या डावात नऊ ठोकळे पार झाले आणि एकही तोफ डागली गेली नव्हती.

कथेचा शेवट खेळात कसा आणावा हा प्रश्न वेल्स यांच्या बाबतीत विशेष अवघड आहे, कारण मंगळवासी शेवटी रोगजंतूंनी मरतात आणि त्यात कोणाच्याच खेळीचा हात नाही. एका डावात तो शेवट आणू नये. लागोपाठ पाच-सहा लढायांची मोहीम खेळायची असेल तर मात्र तो कामाला येतो: चौथ्या लढाईपासून प्रत्येक यंत्रासाठी सुरुवातीला फासा टाकावा, आणि १ आल्यास त्या यंत्राचा वेग त्या दिवशी निम्मा करावा, पाचव्या लढाईत १ किंवा २ वर, सहाव्यात १ ते ३ वर. माणसांच्या खेळाडूने आधीच्या लढायांत वाचवलेली गर्दी आणि तोफा पुढे चालू राहतात, म्हणून टिकून राहण्याला मोल येते.

साहित्य

याबद्दल थोडक्यात. यंत्राचा टोप म्हणजे सुपारी, पाय म्हणजे उदबत्तीच्या बांबूच्या काड्या, आणि जोड एम-सीलचा. आमच्या घरात या यंत्राला तिवईच म्हणतात. सैनिक म्हणजे दोन सेंटिमीटर पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलने उभे केलेले आगकाडीचे तुकडे, गुल खाकी रंगात बुडवलेले. पाच फुटांवरून पाहिल्यास तुकडी दिसते, आणि खेळाडू तेवढ्याच अंतरावर बसतो. पुठ्ठा, रंग आणि थर्मोकोल खजुरी बाजारात एका फेरीत मिळून जाते. थर्मोकोलवर स्प्रे पेंट कधीही मारू नये. त्यातले द्रावक थर्मोकोल खाते, आणि माझ्या पहिल्या टेकडीला त्यामुळे देवीचे व्रण पडले होते. आधी फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि थोडी माती कालवून लेप द्यावा, तो वाळला की पाण्याचे रंग वापरावेत. किल्ल्यासाठी आणलेली माती आणि हळीवाचे गवत उरले असेल तर टेबलावर आणण्याचा मोह होतो. गवत चार दिवसांत पिवळे पडते आणि माती पत्त्यांत जाते, म्हणून तो टाळावा.

कथा आपल्या मुलखात आणताना

मूळ प्रसंग पाच-सहा वेळा खेळून नियम पक्के झाले की मगच रणांगण बदलावे. आधी बदलले तर चूक नियमात आहे की नकाशात हे कळत नाही. आम्ही कादंबरी लिहिली गेली तोच काळ, म्हणजे १८९० चे दशक धरून, एक नळकांडे माळव्याच्या पठारावर पाडले. इंग्रज आणि होळकर यांच्यातल्या मंदसौरच्या १८१८ च्या तहानंतर इंदूरजवळ महूला ब्रिटिश लष्कराची छावणी वसली होती, त्यामुळे तोफा कुठून येणार हा प्रश्न उरला नाही. आणि इंदूरहून महू, पाताळपाणी, कालाकुंड असा घाट उतरून खंडव्याकडे जाणारा तेव्हाचा मीटरगेज रेल्वेमार्ग १८७० च्या दशकातलाच असल्यामुळे लोकांनी पळायचे कुठून हेही आयते मिळाले. नावेच्या जागी आगगाडी आली, बाकी जिंकण्याचा नियम तोच राहिला.

मुलूख बदलला की नियमांचे वजन बदलते, आणि ते आधी ओळखावे. शेपर्टनच्या सपाट काठावर काळ्या धुराला विशेष काम नाही. पाताळपाणीला तो सर्वांत भयंकर ठरतो, कारण पठाराच्या कडेवर सोडलेला धूर दरीतून थेट रुळांवर उतरतो. म्हणून या डावात धूर पहिल्या फेरीपासून दिला आहे आणि तोफांना कडेपासून यंत्रे दूर ठेवण्याचे काम दिले आहे. तिथला चोरल नदीचा धबधबा सुमारे ३०० फुटांचा, म्हणजे आपल्या उंचीच्या प्रमाणात बरोबर एक फूट. एवढा थर्मोकोल रचण्याऐवजी आम्ही टेबललाच पठार मानले आणि एक फूट खाली येईल असे स्टूल शेजारी लावून त्यावर कालाकुंडचे स्टेशन मांडले. शंभर फुटांची तिवई दरीत उतरली की वरून तिचा टोपही दिसत नाही, आणि वरच्या तोफांना तिच्यावर मारा करता येत नाही. हा नियम लिहावाही लागला नाही, खेळाडूने वाकून पाहिले आणि स्वतःच मान्य केले.

पावसाळ्यातला डाव हवा असेल तर काळ्या मातीचा एक नियम जोडावा. ज्यांनी आषाढात माळव्यातले शेत ओलांडले आहे त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही: शेतातून १६ सेंटिमीटरपेक्षा जास्त जाणाऱ्या यंत्राने फासा टाकावा, आणि १ आल्यास एक पाय रुतून ते पुढची फेरी तिथेच उभे राहील. तोफा ओढणाऱ्या बैलांसाठी हाच नियम १ आणि २ वर ठेवावा, नाहीतर चिखल फक्त परग्रहावरच्यांनाच लागतो अशी तक्रार येते आणि ती रास्त असते.

प्रत्येक डावानंतर वहीत किती यंत्रे पडली हे लिहिण्यापेक्षा, कोणत्या फेरीत खेळाडू दोन पर्यायांत अडकून थांबला ते लिहावे. ज्या फेरीत कोणीच थांबला नाही ती फेरी कापून टाकावी किंवा तिच्यात काहीतरी घालावे. आमचा शेपर्टनचा डाव अशाने दहा फेऱ्यांवरून आठवर आला. नियम पक्के झाल्यावर ते एका कागदाच्या दोन बाजूंत मावतील असे लिहावेत, आणि ज्याने ही कथा वाचलेली नाही अशा कोणाच्या तरी हातात तो कागद देऊन आपण खोलीबाहेर बसावे. मी स्वयंपाकघरात बसले होते. पहिल्या अर्ध्या तासात आतून तीनदा हाक आली, तीनही वेळा नावेबद्दलच, आणि त्या रात्री नावेचा परिच्छेद पुन्हा लिहिला.